शत्रूची भाषा कळते, शिपायाच्या घरची का नाही?

लष्करात होते म्हटलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. अनुवादक होते म्हटलं की पुन्हा रेलतो. झाशीतल्या एका संरक्षण कार्यालयातून मी हिंदी अनुवादक म्हणून निवृत्त झाले आणि ही दोन्ही आसनं पुष्कळ पाहिली. कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा, केंद्रीय अनुवाद ब्युरोतलं प्रशिक्षण, मग टेबल, दोन जाडजूड कोश आणि नोटशीटांचा ढीग. गणवेश नाही, हुद्दा नाही, गेटवर मात्र पास दाखवायचा. लष्कराच्या बोलीत आमच्यासारख्यांना ‘सिव्हिलियन’ म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना सुभेदारसाहेबांच्या सुरात थोडी दया असते.

राहायला चिरगाव, कारण नवऱ्याची शाळा तिथं. झाशीहून कानपूरच्या रस्त्याला तीसेक किलोमीटर. वाटेत परीछाला बेतवेवरचा बंधारा आणि वीजकेंद्राची धुरांडी लागतात. मराठी माणसाला झाशी ठाऊक असते ती राणीमुळे; चिरगाव ठाऊक असायचं कारण नाही. हिंदी वाचकाला मात्र ते पाठ असतं. मैथिलीशरण गुप्तांचं हे गाव. १८८६ साली ते इथं जन्मले, ‘साहित्य सदन’ हे त्यांचं प्रकाशनही इथलंच, आणि गाव त्यांना अजून ‘दद्दा’ म्हणतं. दद्दा स्वतः कसलेले भाषांतरकार होते. मायकेल मधुसूदन दत्तांचं मेघनादवध आणि नवीनचंद्र सेनांचं पलाशीचं युद्ध त्यांनी बंगालीतून हिंदीत आणलं. शेजारच्या अम्मा विचारायच्या, ‘काए बिन्नू, फौज में का करत हौ?’ काय सांगणार? दद्दांनी पलाशीचं युद्ध हिंदीत आणलं, मी गवतकापणीचं टेंडर आणते.

यातली गंमत सोडली तर ते अक्षरशः खरं आहे. राजभाषा अधिनियम, १९६३ मधल्या कलम ३(३)नुसार केंद्र सरकारचे ठराव, सर्वसाधारण आदेश, नियम, अधिसूचना, अहवाल, प्रसिद्धिपत्रकं, करार, परवाने आणि टेंडरांच्या नोटिसा हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघायलाच हव्यात. परेड ग्राउंडच्या कडेचं गवत कापायचं असो की क्वार्टरांची पाण्याची टाकी धुवायची असो, कागद दोन भाषांत. दर तिमाहीला अहवाल, किती पत्रं हिंदीत गेली त्याची टक्केवारी. सप्टेंबरात हिंदी पखवाडा, निबंध स्पर्धा, श्रुतलेखन, आणि बक्षीस म्हणून हमखास थर्मास. मी याला नावं ठेवत नाही. हिंदीनं मला पोसलं. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं आणि शासनाला आदेश मागे घ्यावा लागला, तेव्हा माहेरची मंडळी मला फोन करून ‘तू कोणाच्या बाजूची?’ असं विचारत होती. मी म्हटलं, मी टपाल ज्याच्या घरी जातं त्याच्या बाजूची. त्यांना ते उत्तर पळवाट वाटलं. पण हा लेख त्याच उत्तराबद्दल आहे.

कलम ३(३)ची यादी पुन्हा वाचा. त्यात टेंडर आहे, परवाना आहे, प्रसिद्धिपत्रक आहे. शिपायाच्या विधवेला जाणारं पत्र त्यात नाही. ते ‘वैयक्तिक पत्रव्यवहार’ या सदरात पडतं आणि त्यासाठी आहेत राजभाषा नियम, १९७६. या नियमांनी देशाचे तीन भाग केले: क, ख आणि ग. उत्तर प्रदेश ‘क’मध्ये, महाराष्ट्र ‘ख’मध्ये, गुजरात आणि पंजाबच्या रांगेत. नियम ३ सांगतो, की ‘ख’ क्षेत्रातल्या कोणाही व्यक्तीला केंद्राच्या कार्यालयातून जाणारं पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत असू शकतं. नियम ५ सांगतो, की हिंदीत आलेल्या पत्राला उत्तर हिंदीतच द्यायचं. मराठीत आलेल्या पत्राचं काय, यावर नियम गप्प आहेत.

आणि मराठीत पत्रं येतात. भरपूर येतात. फाइलींतलं मी इथं काही सांगणार नाही. शासकीय गुपिते अधिनियम निवृत्तांनाही सोडत नाही, आणि सोडत असता तरी मी सांगितलं नसतं. पण डाक उघडताना हेडक्लार्क हाक मारायचे, ‘मैडम, ये आपके इलाके का है,’ हे सांगण्यात कसलं गुपित फुटतं? वहीच्या पानावर निळ्या शाईत एखाद्या बापानं लिहिलेलं असायचं, की मुलाचा फोन लागत नाही, सुट्टी कधी मिळेल, सून माहेरी गेली आहे तर पगारातून घरी येणारे अलॉटमेंटचे पैसे कोणाच्या नावावर पडतात. मी ते उभ्याउभ्या हिंदीत सांगायचे, हेडक्लार्क कोपऱ्यात पेन्सिलीनं दोन ओळी टिपायचे. मल्याळम पत्र आलं तर मेसच्या कुकला बोलावणं जाई. तमिळ असेल तर सिग्नलवाल्या एखाद्या पोराला. माझ्या नियुक्तिपत्रात मराठी हा शब्द नव्हता, कुकच्या तर भाषा हाच विषय नव्हता. त्यामुळे त्या भाषांतराखाली सही कोणाचीच नाही, फाइलला ते जोडलेलं नाही, आणि उद्या कोणी विचारलं की अर्जदारानं नेमकं काय मागितलं होतं, तर उरतात त्या पेन्सिलीच्या दोन ओळी.

भारताच्या संविधानाचा अनुच्छेद ३५० इतका धडधडीत आहे, की तो वाचल्यावर आपल्याला हे शाळेत का शिकवलं नाही असा प्रश्न पडावा. आपल्या तक्रारीच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. म्हणजे खटाव तालुक्यातली बाई लष्कराच्या कोणत्याही अभिलेख कार्यालयाला मराठीत अर्ज करू शकते. ‘इंग्रजीत आणा’ असं म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तो अर्ज वाचणारा माणूस नेमण्याची सक्तीही कोणावर नाही, आणि तिला कळेल अशा भाषेत उत्तर देण्याची तर नाहीच नाही. एका बाजूनं उघडणारं दार आहे हे.

माझं माहेर सातारा तालुक्यातलं. जवळच आपशिंगे, ज्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण पडले. त्यांच्या नावाचा स्तंभ गावात आहे. आमच्या पट्ट्यात लष्कर ही नोकरी नसून वतन असल्यासारखी आहे: आजा, बाप, मुलगा, सगळ्यांच्या ट्रंका एकाच माळ्यावर. मे महिन्यात मी माहेरी गेले की दुपारी बायका पिशव्या घेऊन यायच्या. ‘ताई, तुम्ही मिलिटरीचं वाचता ना?’ पिशवीत बँकेचं पासबुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार कार्ड, आणि न उलगडलेली पाकिटं.

एकीचं पाकीट उलगडलेलं होतं, पण वाचलेलं नव्हतं. नवरा नोकरीत असताना आजारानं गेला. पत्र इंग्रजीत, दीड पान. दिराचा मुलगा दहावीत. त्यानं वाचून सांगितलं, पेन्शन मंजूर झाली. घरानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि कागद देव्हाऱ्यामागं गेला. पोरगं खोटं बोललं नव्हतं. पहिल्या परिच्छेदात तेच होतं. दुसऱ्या परिच्छेदात असं होतं, की मृत्यूचं कारण लष्करी सेवेशी जोडता येत नाही असा निर्णय झाल्यामुळे विशेष फॅमिली पेन्शनचा दावा नाकारला आहे, आणि हे मान्य नसेल तर अमुक मुदतीत अपील करावं. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, विशेष ६० टक्के. लढाईत किंवा तशा कारवाईत मृत्यू आला तर उदारीकृत पेन्शन, म्हणजे जवळपास पूर्ण पगार. या तीन पायऱ्यांमधलं अंतर म्हणजे एका घराचं पुढचं तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य, आणि आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे त्या घराला कळायला दुसरा परिच्छेद वाचता यायला हवा. मी कागद पाहिला तेव्हा मुदत उलटून गेली होती. विलंब माफ करण्याची विनंती जोडून आम्ही अपील लिहिलं. मराठीत लिहिलं, खाली मी इंग्रजी भाषांतर जोडलं. ‘मला हे तेव्हाच कळलं असतं तर’ असं ती एकदाही म्हणाली नाही. ‘पोराला कशाला दोष, ताई,’ एवढंच म्हणाली.

या गोष्टीत कोणी दुष्ट नाही. पत्र पाठवणाऱ्या कारकुनानं नियमाप्रमाणे पत्र पाठवलं. पण माझ्या पाहण्यात अशाही घटना आहेत, जिथं कागद वाचणारा तितका निरागस नव्हता. विधवेचा कागद जो वाचतो त्याला रक्कम कळते, थकबाकी कळते, पैसे कोणत्या तारखेला जमा होणार ते कळतं. तो दीर असतो, भावकीतला कोणी असतो, तालुक्याच्या गावातला ‘कामं करून देणारा’ असतो. टक्केवारी ठरते. बाईला अंगठा कुठं उठवायचा एवढं सांगितलं जातं. सही करता येणाऱ्या, बारावी झालेल्या, मराठी पेपर रोज वाचणाऱ्या बाईचीही इंग्रजी कागदापुढं तीच गत होते. आपण तिला निरक्षर म्हणत नाही, पण व्यवहारात करून ठेवतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयानं एक चांगला निर्णय घेतला. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या विधवेला पदकासोबतचा भत्ता मिळतो. तिनं पुनर्विवाह केला तर तो बंद होई, अपवाद फक्त दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केल्याचा. ही अट त्या वर्षी काढून टाकली. अट किती जुनाट होती हे सांगायला नको; तिच्या जोरावर किती घरांत ‘दिराशीच कर’ असं सांगितलं गेलं असेल हेही नको. पण अट गेली ही बातमी त्या बायकांपर्यंत कोणत्या भाषेत पोचली? आदेश इंग्रजीत. नियमाप्रमाणे हिंदी प्रत. मराठी, कन्नड, तमिळ, आसामी या भाषांत ज्याला दिराशीच लग्न लावायचं होतं त्यानं सांगितलं तेवढं.

लष्कराला भाषेची किंमत कळत नाही असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. उलट, लष्कराइतकी ती कोणाला कळत नाही. मराठी-इंग्रजीचा पहिला मोठा कोश, १८३१ सालचा, ज्याच्या नावानं आपण ओळखतो तो मोल्सवर्थ कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. इंग्रज अधिकाऱ्याला आपल्या पलटणीच्या भाषेची परीक्षा द्यावी लागे, आणि शिकवायला असे पगारी मुन्शी, आमचे सिव्हिलियन पूर्वज. ही चाल सोडली गेली नाही, हे आपल्या फौजेचं मोठेपण. मराठा लाइट इन्फंट्रीत येणारा पंजाबी किंवा बंगाली लेफ्टनंट आजही मराठी शिकतो, जवानाशी त्याच्या भाषेत बोलतो. सहा महिन्यांत त्याच्या मराठीत बेळगावी हेल येतो आणि तो ऐकताना फार गोड वाटतो. पलटणीच्या आत मराठी आहे. पलटणीबाहेर, जिथं माणसाचा कागद होतो, तिथं ती संपते.

परक्याची भाषा तर जीवनमरणाची गोष्ट. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाची परकीय भाषांची शाळा १९४८ पासून आहे. चीनच्या सीमेवर मँडरिन जाणणारी माणसं हवीत म्हणून टेरिटोरियल आर्मीची दारं अलीकडे भाषातज्ज्ञांसाठी उघडली. कोरियात १९५३ साली बावीस हजारांहून अधिक चिनी आणि कोरियन युद्धकैद्यांची राखण भारतीय फौजेकडे आली. तिचे सेनापती आपले कोल्हापूरकडचे, मेजर जनरल शंकरराव थोरात. सप्टेंबर महिन्यात कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेलं. थोरात मोजकी माणसं घेऊन आत गेले आणि खवळलेल्या कैद्यांना दुभाष्यामार्फत म्हणाले, की पाहुणा घरी आल्यावर चहा-सिगारेट विचारण्याची रीत तुमच्यात नाही का? चहा आला, राग उतरला, मेजर सुटला. थोरातांच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्या क्षणी मध्ये उभा राहून तो टोमणा नेमक्या सुरात चिनीत उतरवणाऱ्या माणसाचा विचार मी, एक अनुवादक म्हणून, अधिक करते. सूर चुकला असता तर? अशा माणसांचं पुढं काय होतं तेही जगानं ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावर पाहिलं. अमेरिकेच्या फौजेबरोबर वर्षानुवर्षं हिंडलेले अफगाण दुभाषे कुंपणाला हात लावून कागद दाखवत होते.

आता एक जुनी गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त डाचते. १९१४ च्या अखेरीस भारतीय पलटणी फ्रान्समध्ये लढत होत्या तेव्हा बुलोन बंदरात भारतीय टपालाचं सेन्सॉर कार्यालय उघडलं गेलं. प्रमुख होता हॉवेल नावाचा आयसीएस अधिकारी. ब्रिटिशविरोधी गदरवाल्यांचं साहित्य पलटणीत शिरू नये ही मूळ चिंता. पण मग शिपायांची घरची पत्रंही वाचली जाऊ लागली. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, त्यांत मराठीही. निवडक मजकूर इंग्रजीत भाषांतरित होऊन साप्ताहिक अहवालासोबत वर जाई. ती मूळ पत्रं बहुतेक नाहीशी झाली. भाषांतरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नीट जपलेली आहेत. शिपाई घरी काय लिहितो हे सरकारला कळून घ्यायचं होतं, तेव्हा सगळ्या भाषांचे वाचक मिळाले, पैसा मिळाला, युद्धाच्या धामधुमीत टेबलं-खुर्च्यासुद्धा मिळाल्या. सरकार काय लिहितं हे शिपायाच्या घराला कळावं, यासाठी मात्र तशी सोय त्या सरकारनं केली नाही. ते परकं होतं. आपल्या सरकारला ती सबब नाही.

या मुद्द्यावर माझ्याच कार्यालयातल्या जाणत्या लोकांशी मी खूप वाद घातला आहे. त्यांचा पहिला आक्षेप खरा आहे. पेन्शनचा आदेश हा कायदेशीर दस्तऐवज. तो दहा भाषांत काढला तर दहा अर्थ निघतील आणि प्रत्येक प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाईल. मान्य. म्हणून आदेशाला हात लावू नका. तो इंग्रजीत राहू दे. त्याला एक पान जोडा, कुटुंबाच्या भाषेत: काय मंजूर झालं, काय नाकारलं, का नाकारलं, किती दिवसांत कोणाकडे दाद मागता येते, आणि वाद झाल्यास मूळ इंग्रजी पत्र ग्राह्य धरलं जाईल. एक पान. विमा कंपन्याही एवढं करतात.

दुसरा आक्षेप भाषांच्या संख्येचा. नुसत्या मराठा रेजिमेंटमध्येही कानडी मुलखातली पोरं आहेत. बाकीच्या बऱ्याच पलटणी तर सर्वजातीय, सर्वप्रांतीय. पण प्रत्येक कार्यालयाला बावीस भाषांचे अनुवादक नेमा असं कोणी म्हणत नाही. भरतीच्या वेळी प्रत्येक जवानाच्या नातलगांची नोंद होते, ती वेळोवेळी ताजी केली जाते. त्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: घरची वाचनाची भाषा. मग कोणत्या कार्यालयाला कोणत्या भाषांचे किती लोक लागतात ते आपोआप दिसेल. अनुवादकांचा एक सामायिक गट ठेवा. कागद संगणकावरून जातो-येतो, माणसानं बदलीवर जायची गरज नाही. माझ्यासारख्या निवृत्तांना मानधनावर बोलावलं तरी निम्मं काम उरकेल.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: यंत्र करेल. राजभाषा विभागाची ‘कंठस्थ’ प्रणाली मी वापरली आहे, सरकारची ‘भाषिणी’ही आली. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. गवताच्या टेंडराला त्यानं खुशाल घ्यावं, मला तर तीन तासांची झोप मिळाली असती. पण नाकारलेल्या दाव्याचं कारण सांगणाऱ्या पानाखाली माणसाची सही लागते, ज्याला उद्या जाब विचारता येईल. यंत्रानं केलेला मसुदा तपासून सही करणारा माणूस, एवढंच पद मी मागते आहे.

खरा अडथळा या तिन्हींत नाही. बाईला न कळल्यानं कोणाचं काही अडत नाही, हा आहे. टेंडर एका भाषेत निघालं तर संसदीय राजभाषा समिती पाहणीला येते, साहेबांना प्रश्न विचारले जातात, आदल्या आठवड्यात कार्यालयाच्या पाट्या रंगवल्या जातात. साताऱ्यातल्या पाकिटाची पाहणी करायला कोणती समिती येणार?

यात महाराष्ट्र सरकारनं दिल्लीकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये. राज्याचं भाषा संचालनालय १९६० पासून आहे, कायदे आणि प्रशासनाची परिभाषा मराठीत आणण्याचा त्याचा अनुभव मोठा. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, त्यांत माजी सैनिक कल्याण संघटक म्हणून खेडोपाडी फिरतात. या दोन खात्यांनी एकत्र बसून पेन्शन, अपील, माजी सैनिकांची ईसीएचएस आरोग्ययोजना, हयातीचा दाखला यांच्या नेहमीच्या पत्रांचे मराठी नमुने तयार केले, आणि प्रत्येक सैनिक कार्यालयात कागद वाचून दाखवणारा, लेखी मराठी सारांश देणारा एक जबाबदार माणूस बसवला, तर केंद्राच्या परवानगीची गरज नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मुंबईत पेढे वाटले. या कामाला त्या पेढ्यांपेक्षा फार जास्त पैसे लागणार नाहीत.

दिल्लीत मात्र नियमच बदलावा लागेल. १९७६ च्या नियमांमध्ये एक उपनियम घालावा: अनुच्छेद ३५० खाली आलेल्या निवेदनाचं उत्तर देताना, अर्जदारानं मागितल्यास, त्याच्या भाषेतला सारांश जोडला जाईल. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ खासदार जातात. त्यांपैकी कित्येकांच्या मतदारसंघात आपशिंगे किंवा सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, आणि निवडणुकीत शहीद स्तंभावर हार घालायला ते चुकत नाहीत. एकानं तरी हा प्रश्न सभागृहात लेखी विचारावा. उत्तर हिंदी आणि इंग्रजीत येईल, त्याचं मराठी मी फुकट करून देईन.

तोवर ज्यांच्या घरात लष्कराचं पाकीट येतं त्यांना एवढंच सांगते. अर्ज मराठीत लिहा. वर ठळक अक्षरांत ‘संविधानाच्या अनुच्छेद ३५० अन्वये निवेदन’ असं लिहा. सेवा क्रमांक आणि पीपीओ क्रमांक मात्र इंग्रजी आकड्यांत घाला, कारण ते संगणकात तसेच असतात. शेवटी ‘उत्तराचा मराठी सारांश मिळावा’ ही ओळ जोडा, स्पीड पोस्टानं पाठवा, पावती आणि झेरॉक्स जपून ठेवा. आणि आलेलं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतल्याशिवाय कोणाच्याही हातात सोडू नका.